सुताराच्या मापाची कयाक

दिवाळे गावाच्या धक्क्यापासून थोडं डावीकडे, जिथे होड्या ओढून ठेवतात तिथे, कडेची एक जागा सुताराची म्हणून ओळखली जाते. जमिनीत अर्धे गाडलेले चार ओंडके, वर पत्रा, पत्र्याच्या कांबीला टांगलेली करवत आणि चिखलात उतरणारा फळ्यांचा उतार, एवढाच तिचा पसारा. ही जागा कुणाच्या नावावर नाही. गावातल्या होडीवाल्यांचा नियम तोंडी चालत आला आहे. ज्याच्या घरात होडी, त्याला ती ओढून ठेवायला किनाऱ्यावर जागा. सुताराच्या घरात होडी नसते, तो दुसऱ्यांच्या बांधतो. म्हणून त्याच्यापुरती एक सवलत ठेवलेली: ओंडक्यांवर कामाची होडी असेपर्यंत जागा त्याची.

सुतार धर्मराजच्या वडिलांनी या सवलतीवर जन्म काढला, आणि धर्मराजने साठी गाठली. वडिलांच्या वेळी ओंडके रिकामे पाहिल्याचं कुणाला आठवत नाही. एक होडी उतरायच्या आधी दुसऱ्या होडीचा साग येऊन पडलेला असे. पुढे फायबरच्या होड्या टेम्पोवर चढून तयार येऊ लागल्या. त्या कुजत नाहीत, त्यांना किडा लागत नाही, डांबर लागत नाही. धर्मराज त्यांची भोकं बुजवून देई, पण त्या कामाला ओंडके लागत नाहीत. होडीचा मालक धक्क्यावरच तिला आडवी करतो आणि धर्मराजला फोन करतो. मग एका वर्षी दिवाळी झाली आणि ओंडके मोकळेच राहिले.

रविवारी मासळी घ्यायला बेलापूर-नेरुळचे लोक येतात, त्यांच्या दुचाक्यांनी गावचा रस्ता अडतो. होडीवाल्यांच्या मंडळाने त्या गाड्यांसाठी जागा शोधायला घेतली आणि नजर साहजिकच पत्र्याखाली गेली. मंडळाचा अध्यक्ष गोटीराम हा धर्मराजचा चुलतभाऊ. त्याने घरी येऊन, चहा घेऊन, सांगायचं ते सांगितलं. शिमग्याच्या आत ओंडक्यांवर काही चढलं तर ठीक, नाहीतर गाड्यांसाठी चुन्याच्या रेघा मारून घेऊ. त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. धर्मराजनेही वाद घातला नाही. त्याला दुसरं काम येत नव्हतं, आणि हे काम करायला दुसरी जागा नव्हती. एवढं दोघांनाही ठाऊक होतं.

मार्गशीर्षात जाई आली. ती सानपाड्याला राहते, बेलापूरला एका विमा कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी खाडीत वल्हवते. तिची उंची पाच फुटांच्या आत. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ती कायम पहिली असायची. पाण्यातून जाताना तिने पत्र्याखालची करवत अनेकदा पाहिली होती. त्या दिवशी ती रस्त्याने आली आणि म्हणाली की तिला लाकडी सांगाड्याची कयाक बांधून हवी आहे.

धर्मराजने कयाक पाहिली होती, म्हणजे त्याला तसं वाटत होतं. पर्यटकांच्या किनाऱ्यावर लाल-पिवळ्या प्लास्टिकच्या ठेवलेल्या असतात, त्याच. जाईने नकारार्थी मान हलवली. तो पाट आहे, ती म्हणाली. त्यावर जेवायला बसल्यासारखं बसतात. नाव कयाक असलं म्हणून ती कयाक होत नाही. मग तिने खरी कशी असते ते सांगितलं. वरून पूर्ण झाकलेली, मध्ये एकच भोक, त्यात एकच माणूस. पाय पुढे सरळ. वल्हं एकच, पण दोन्ही टोकांना पातं. पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती एक झगा बांधायचा आणि त्याची खालची कड भोकाच्या काठावर ताणून बसवायची. उलटली तरी बाहेर पडायचं नाही, कमरेला झटका देऊन आतल्या आत सरळ व्हायचं.

"काका, ही होडी अंगात घालायची असते," जाई म्हणाली. "आत नुसतं बसायचं नसतं."

तिच्याकडे कारखान्यात बनलेली एक होती. पण ती धिप्पाड माणसांच्या अंदाजाने ओतलेली. जाईला ती थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखी होई. जुन्या काळी, बर्फाच्या मुलखात, कयाक मापाने बांधत, असं ती म्हणाली. मापंही तिने तोंडी सांगितली. लांबी तीन वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून तीनदा. रुंदी कमरेइतकी आणि दोन बाजूंना दोन मुठी. पाय टेकायची फळी पायाच्या लांबीवर. मांड्यांवर येणारं आडवं लाकूड असं, की गुडघे वर दाबले की त्याला लागावेत. वरच्या कापडावर पुढे दोन-तीन दोऱ्या आडव्या ताणलेल्या. ती तिथे पाण्याची बाटली अडकवत असे.

वाव, हात, मूठ ऐकून धर्मराजला बरं वाटलं. हे माप त्याच्या ओळखीचं होतं. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. दुसरा माणूस कुठे बसतो? बसत नाही. आणि धरलेलं म्हावरं कुठे ठेवायचं? जाई हसली, आणि तो प्रश्न तिथेच राहिला.

चूक झाली ती इथे, आणि ती कुणालाच चूक वाटली नाही. दिवाळ्यात होडी अकरा हात म्हटलं की ते सुताराचे हात. मालकाचे कधीच नाहीत. होडी एका घराची असते आणि घरात भाऊ तीन असतात. हात कुणाचा धरायचा? थोरल्याचा धरला तर धाकटा पुढे वाटण्यांच्या वेळी ते काढतो. सुताराचा हात कुणाचाच नसतो, म्हणून तो सगळ्यांना चालतो. धर्मराजच्या वडिलांनी त्याला पहिल्यांदा शिकवलं ते हे, करवत नंतर. त्यामुळे जाईने तीन वाव म्हटल्यावर धर्मराजने तिच्या पाठीमागे पत्र्याखाली जाऊन आपले दोन्ही हात पसरले नाहीत एवढंच. मनात ते पसरलेलेच होते. आणि परक्या तरुण मुलीच्या कमरेला दोरी लावायची असते, हे तर त्याच्या स्वप्नातही आलं नसतं.

ती गेल्यावर त्याने सगुणाला हाक मारली. सगुणा, त्याची बायको, बेलापूरच्या बाजारात म्हावरं विकते. दुपारी रिकामी टोपली घेऊन ती परतली होती. जाळ्याच्या दोऱ्याने तिने नवऱ्याची कंबर मोजली, पाय मोजले, मांडीची जाडी मोजली, आणि प्रत्येक मापाला एक गाठ मारली.

"होरीचा माप हाय का सदऱ्याचा?" तिने विचारलं.

"तिनंच सांगलाय," धर्मराज म्हणाला.

काम वेगळं होतं. एरवी होडी खालून सुरू होते: आधी तळाचं मोठं लाकूड, त्याला हळदकुंकू, मग बरगड्या. ही, जाईने सांगितलं तशी, वरून सुरू झाली. काठाच्या दोन लांब पट्ट्या, त्यांच्यामध्ये आडव्या काठ्या, मग वाफेवर वाकवलेल्या बरगड्या आणि सगळ्यात शेवटी तळ. खिळा कुठेच नाही, सांधे जाळ्याच्या दोऱ्याने आवळायचे, म्हणजे लाटेवर सांगाडा थोडा लवतो. हे धर्मराजला पटलं. माघ लागला तेव्हा सांगाडा ओंडक्यांवर उभा होता, आणि तो एका माणसाने उचलता येई. जाड कॅनव्हास त्याच्यावर ओला ताणून सगुणाने जाळ्याच्या सुईने शिवला, धर्मराजने त्यावर रंगाचे थर दिले. पुढच्या बाजूला दोऱ्या ताणल्या. जाईने सांगितल्या होत्या म्हणून.

गोटीराम जाता-येता थांबे. "धर्मा, भोपल्याला भोक कवा पारतंस?" असं त्याने एकदा विचारलं, आणि ते गावात चाललं. तेव्हापासून तिचं नाव भोपळा. पण ओंडक्यांवर काहीतरी चढलेलं होतं, त्यामुळे चुन्याचं नाव कुणी काढलं नाही.

पाण्यात घालायच्या दिवशी भरती सकाळची होती. खाडीपलीकडे उलव्याच्या विमानतळावर विमान उतरत होतं आणि धक्क्यावर, काम नसलेले आणि काम टाकून आलेले, असे बरेच जण होते. नारळ फुटला. जाईने झगा बांधला, आत पाय घातले आणि ती दिसेनाशी झाली, म्हणजे छातीपासून खाली. मोठ्या टोपात लहान मूल बसवावं तशी ती दिसत होती. तिचे पाय फळीला टेकत नव्हते. गुडघे वर उचलले तरी आडवं लाकूड लागत नव्हतं. ती डावीकडे झुकली, कयाक झुकली नाही. ती उजवीकडे झुकली, तेव्हा एक मोटरवाली होडी जवळून गेली होती. तिच्या लाटेने कयाक झुकली आणि थांबली नाही. उलटल्यावर जाईने कमरेचा झटका दिला, पण मांड्यांना धरायला काहीच सापडलं नाही. ती बाटलीतून बूच निघावं तशी सुटून बाहेर आली.

चिखलाच्या पाण्यातून तिने कयाक किनाऱ्याला ओढून आणली. कुणी हसलं नाही, गोटीराम सोडून.

"बाय, भोपला बरा," तो म्हणाला. "त्याला धरून तरंगता तरी येतं."

जाईने तोंड पुसलं. तिने धर्मराजला शांतपणे सांगितलं की काम सुंदर झालंय, सांधा एकही हलला नाही, पाण्याचा थेंब शिवणीतून आला नाही. पण ही कयाक नाही. झाकलेली होडी आहे. जिच्यात अंग सैल राहतं ती कयाक नव्हे, बाकी सगळं बरोबर असलं तरी.

धर्मराजने मापं परत म्हणून दाखवली. तीन वाव, कंबर, दोन मुठी. एकही चुकलं नव्हतं.

"कुणाची कंबर?" जाईने विचारलं.

या प्रश्नाचा अर्थ त्याला लागेना. उत्तर सगुणाने दिलं. "यांचीच. दोरी मीच धरली व्हती."

जाईने धर्मराजकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. पावणेसहा फूट, रुंद खांदे, लांब पाय. मग पाण्यात पडल्यापासून पहिल्यांदाच ती हसली. "मग काका, तुम्ही बसा."

आपण बांधलेल्या होडीत सुतार बसतो तो गळती बघायला, तळाशी उकिडवा. धर्मराज पाय पसरून कधीच बसला नव्हता. तो आत सरकला. तळवे फळीला टेकले, गुडघे लाकडाखाली गेले, कंबर दोन्ही बाजूंनी धरली गेली. झोपेत कूस बदलावी इतकाच तो हलला आणि कयाक त्याच्याबरोबर हलली. पुन्हा हलला, पुन्हा तेच. दुपातं वल्हं त्याला जमेना, एक पातं पाण्यात तर दुसरं हवेत चुकत होतं, तरी तो नांगरलेल्या होड्यांना वळसा घालून आला. उतरल्यावर तो सगुणाला म्हणाला की आत पाय कुठे संपतात आणि लाकूड कुठे सुरू होतं ते कळत नाही.

पुढचं बोलणं थोडक्यात झालं. जाईला दुसरी हवी होती, तिच्या मापाची. पहिली कुणाची, यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. धर्मराजशिवाय ती दुसऱ्या कुणाला होणारच नव्हती.

पण ओंडके रिकामे झाले होते. नारळ फुटला, होडी पाण्याला लागली, म्हणजे काम संपलं. हा नियमही जुनाच. संध्याकाळी गोटीरामने निरोप पाठवला की रविवारी मंडळ बसेल आणि चुना मारून घेईल. धर्मराज जाऊन म्हणाला की दुसरी चढवतोय. गोटीरामने आधी ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की पहिलीच्या वेळी आपण काही बोललो नाही, पण सवलत होड्यांसाठी आहे. सानपाड्याच्या पोरींच्या रविवारच्या खेळण्यांसाठी गावाने किनारा अडवायचा का? बाकीच्यांचंही तेच म्हणणं होतं. धर्मराज घरी आला आणि रात्री जेवताना त्याने करवत कुठे ठेवायची ते विचारलं.

रविवारी मंडळ पत्र्याखालीच बसलं. चुन्याची बादली आणलेली होती. जाईही आली होती. तिला माप द्यायला बोलावलं होतं, बैठकीचं तिला माहीत नव्हतं. धर्मराज सांगायचं ते सांगून चुकला होता आणि पुन्हा तेच सांगत होता. सगुणा कडेला कोळंबीची टोपली घेऊन बसली होती. तिने मध्येच विचारलं, ज्याच्या घरात होरी, त्याला किनाऱ्यावर जागा, हे बरोबर ना? बरोबर, गोटीराम म्हणाला.

"मंग आमच्या घरान आता होरी हाय. सवलत नको आमाला. हक्काची जागा द्या."

हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, धर्मराजच्याही नाही. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होडी नव्हती. सगळ्यांनी पत्र्याबाहेर आडव्या ठेवलेल्या त्या हिरव्या रंगाच्या, बोटासारख्या वस्तूकडे पाहिलं.

गोटीराम पटकन हरणारा माणूस नव्हता. त्याने पान थुंकलं आणि शांतपणे विचारलं, "वैनी, होरी कनाला म्हनतात? म्हावरा घेऊन घरा येते ती होरी. नायतर फली."

माना हलल्या. हे खरं होतं. धक्क्यावर जन्म गेलेल्या कुणालाही होडीची व्याख्या विचारली असती तर त्याने हीच सांगितली असती.

"मंग आनतील," सगुणा म्हणाली. तिने टोपलीतली मूठभर कोळंबी फडक्यात बांधली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

भरती अर्ध्यावर होती. धर्मराजने लहानपणानंतर गळ टाकलेला नव्हता. कुणाचा तरी मागून घेतला. जाईने स्वतःचा झगा त्याच्या कमरेला बांधून पाहिला, तो पोहोचेना, म्हणून दोरी लावून वाढवला. उलटलात तर ही पुढची पट्टी ओढा म्हणजे सुटाल, एवढंच तिने सांगितलं. बादलीवर फळी टाकून गोटीराम बसला.

खाडीच्या मध्यावर, जाळी बांधायच्या खुंटांच्या रांगेपलीकडे, धर्मराज थांबला. होडीत एक वल्हवतो आणि दुसरा गळ टाकतो. इथे दुसरा नव्हता. त्याने वल्हं पुढ्यात आडवं टाकलं, आणि कयाक उभी राहिली. त्याच्या ध्यानात आलं की ती आपोआप उभी नाही, त्याचे गुडघे तिला धरून आहेत. हात मोकळे आहेत ते त्यामुळे. त्याने कोळंबी लावून दोरी सोडली. बराच वेळ काही झालं नाही. पहिली कोळंबी गेली, दुसरी गेली. मग दोरी खेचली गेली, तो त्या बाजूला ओढला गेला, आणि त्याला काही सुचायच्या आधी पलीकडचा गुडघा वर दाबला गेला होता. कयाक सरळ झाली.

वर आला तो शिंगाळा, हातभर लांब. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंना, आणि टोचले तर दिवसभर हात ठणकतो. होडीत शिंगाळा आला की तो तळाला टाकतात आणि पाय मागे घेतात. इथे पाय मागे घ्यायला जागा नव्हती. भोक झग्याने बंद होतं, आणि आत होते ते त्याचेच पाय. मासा दोरीला लटकत होता. धर्मराजने हात लांब केला आणि तो पुढच्या आडव्या दोऱ्यांना लागला. त्याने शिंगाळा दोरीखाली सरकवला, काटे पुढे करून. दुसरी दोरी शेपटावर घेतली. मासा आवळला गेला आणि शांत झाला.

मग त्याने त्या दोऱ्यांकडे नीट पाहिलं. हात पूर्ण लांब केला की बोटं पोहोचत होती, बरोबर तिथेच त्या होत्या; त्याने बांधल्या होत्या, त्याच्याच हाताच्या मापावर. त्या बाटलीसाठी नव्हत्या. ज्या कुणी पहिल्यांदा या होडीत आडव्या दोऱ्या ताणल्या असतील, त्यालाही कधीतरी कुणीतरी विचारलं असेल, म्हावरं कुठे ठेवायचं.

आणखी एक शिंगाळा मिळाला, लहान. तिसऱ्याची त्याने वाट पाहिली नाही. परत येताना दुपातं वल्हं त्याला जमू लागलं होतं.

धक्क्यावर आधी वल्हं दिसलं, मग माणूस, आणि मग त्याच्या पुढ्यात काहीतरी चमकताना. कयाक उताराला लागली. गोटीराम उठून खाली गेला, वाकला, दोऱ्या बोटाने ओढून पाहिल्या.

"शिंगाला," तो म्हणाला.

"म्हावरा नाय का?" सगुणाने विचारलं.

शिंगाळ्याला बाजारात मान नाही, पण तो मासा नाही असं दिवाळ्यात कुणी म्हणू शकत नाही. मंडळातल्या दोघांनी कयाक उचलून वर आणली. ती इतकी हलकी लागली की एकाने पुन्हा खाली ठेवून एकट्याने उचलून पाहिली. चुन्याची रेघ मारली गेली, पण ती पत्र्याच्या अलीकडे थांबली, तिथून वळली आणि रस्त्याच्या कडेने गेली. तीन दुचाक्यांची जागा कमी झाली, असं गोटीराम आजही सांगतो. त्याची स्वतःची स्कूटर पत्र्याच्या सावलीला असते.

जाई मासे सोडवत होती, लांबून, काटे सांभाळत. ती म्हणाली की हे आपण वाचलेलं होतं. कयाक मुळात शिकाऱ्याची. तो एकटा जायचा, मारलेलं वरच बांधून आणायचा. तिच्या कयाकलाही त्या दोऱ्या त्यासाठीच होत्या, पण तिला कधी गरज पडली नाही.

"तुला दोऱ्या नको मग?" धर्मराजने विचारलं.

"हव्यात," ती म्हणाली. "माझ्या हाताच्या मापावर."

सगुणाने तिला पत्र्यामागे नेलं आणि जाळ्याचा नवा दोरा घेतला. बाहेर आली तेव्हा दोऱ्याला गाठी होत्या, एकमेकींच्या फार जवळ. धर्मराजने काठाची पट्टी ओंडक्यांवर आडवी टाकली आणि दोरा तिच्यावर ताणला. एवढी लहान होडी त्याने आयुष्यात बांधली नव्हती. सवयीने त्याचा हात शेवटच्या गाठीच्या पुढे सरकला, वीतभर. तो त्याने मागे घेतला. पुन्हा सरकला, पुन्हा घेतला. मग गाठीवर अंगठा ठेवून त्याने खूण केली आणि करवत काढली.